आबांची कानडी

माझ्या बहिणीला कानडी येते आणि मला येत नाही. या एका गोष्टीचा मला जेवढा मत्सर वाटला, तेवढा कुणाच्या बंगल्याचा किंवा गाडीचा कधी वाटला नाही. ऐकणाऱ्याला हसू येतं. मी आष्टी तालुक्यातल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. पोरांना परकी भाषा शिकवण्याचाच मला पगार मिळतो. ताई चौथीनंतर शाळेत गेली नाही. मत्सर करायचा तर तिनं माझा करावा, असं कुणीही म्हणेल. पण ते तसं झालं नाही.

आमचं घर ऊसतोडीचं. दिवाळी झाली की टोळी ट्रॅक्टरवर चढायची आणि कर्नाटकात, जमखंडीकडं, ऊस तोडायला जायची. मी अभ्यासात बरा होतो म्हणून मला गावातच आत्याकडं ठेवलं. ताई माझ्यापेक्षा मोठी, भाकरी थापायला आणि मोळ्या बांधायला हाताशी येणारी, म्हणून तिला नेलं. मायनं निघताना मला जवळ घेतलं. आबा ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूला बसले होते. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

उन्हाळ्यात सगळे परत आले. पहिल्याच रात्री जेवताना आबा ताईला काहीतरी बोलले. ताई खुदकन हसली आणि तिनं तांब्या त्यांच्यापुढं सरकवला.

"काय म्हणले आबा?" मी विचारलं.

"काई न्हाई, पाणी मागितलं," ताई म्हणाली.

"मग हसलीस कावून?"

"आरं, तिकडचं हाय ते. तुला न्हाई कळायचं."

मायसुद्धा हसत होती. मी ताटातली भाकरी कुस्करत बसलो. पाणी मागण्यात एवढं हसण्यासारखं काय होतं, हे मला कुणीच सांगितलं नाही.

पुढं दरवर्षी तेच व्हायला लागलं. टोळीचा मुकादम घरी आला की, त्याला कानडी येत नसल्यानं, ते तिघं त्याच्यासमोर कानडीत एखादा शब्द टाकायचे आणि तोंडावरची रेषही न हलू देता बसायचे. तो गेला की हसून लोळायचे. मी त्यांच्यातच बसलेला असायचो, पण मुकादमाच्या रांगेत.

माझ्या जिवाला लागलं ते निराळंच होतं. मराठीतले आबा मला माहीत होते. थोडं बोलणारे, दमलेले, "अभ्यास झाला का" एवढंच विचारून आडवे होणारे. कानडीतले आबा दुसरेच होते. ते नकला करायचे. ताईला चिडवायचे. ती त्यांच्या पाठीत बुक्की मारायची आणि तेही खोटंखोटं कळवळायचे. माझ्याशी आबा असे कधीच वागले नाहीत. मला वाटायचं, हा माणूस तिकडं राहतो, आमच्याकडं नुसता आराम करायला येतो.

मीही मग इंग्रजीला भिडलो. आमच्या सरांची पद्धत पाठांतराची. गो, वेन्ट, गॉन. रोज सकाळी क्रियापदांची माळ म्हणायची, मग मराठी वाक्याचं इंग्रजी करायचं. मी वर्गात पहिला होतो. एका उन्हाळ्यात मी ओसरीवर उभं राहून गायीवरचा अख्खा निबंध इंग्रजीत म्हणून दाखवला. माय म्हणाली, "लई भारी." आबांनी मान डोलावली. ताईनं टाळ्या वाजवल्या. पण त्यातलं कुणी हसलं नाही, कुणी उलटून काही बोललं नाही. ज्या भाषेत कुणी आपल्याला उत्तर देत नाही ती घेऊन घरात काय करायचं, हे मला तेव्हा समजेना. मी पुस्तक मिटून आत गेलो.

मला नोकरी लागली तशी आबांनी ऊसतोड सोडली. ताईचं लग्न शेजारच्या गावात झालं. तीन वर्षांपूर्वी माय गेली. तेव्हापासून आबा माझ्याजवळ राहतात. संध्याकाळी ताईचा फोन येतो आणि ते अंगणात जाऊन तिच्याशी कानडीत बोलतात. मायच्या पश्चात त्यांना त्या भाषेत बोलायला दुसरं माणूसच नाही. मी आत वह्या तपासत असतो आणि बाहेरून त्यांचं हसू ऐकू येतं. फोन ठेवून ते आत येतात तेव्हा पुन्हा मराठीतले आबा झालेले असतात.

एक दिवस मी ठरवलं आणि मोबाईलवर कानडी शिकवणारं ॲप घेतलं. सोलापूरहून एक पुस्तकही मागवलं. मास्तरच असल्यामुळं मास्तरासारखाच शिकलो. विभक्त्या पाठ केल्या, नात्यांचे शब्द पाठ केले, काळाचे तक्ते करून कपाटाच्या दारावर आतून चिकटवले. दोन महिन्यांनी धीर करून आबांना म्हणालो, "नीवु हेगिद्दीरी?" म्हणजे, तुम्ही कसे आहात?

आबांनी चष्मा वर केला. "बरा हाय की," ते मराठीत म्हणाले. "कावून? काई पायजे का तुला?"

"आबा, मी कानडी बोललो."

"कळलं मला. लई शुद्ध बोलतूस. बँकेतला सायब बोलतोय आसं वाटलं." आणि ते पेपर वाचायला लागले.

मी चिडून ताईकडं गेलो. ती गोठ्यात शेण भरत होती. मी म्हणालो, "मला कानडी शिकव."

"मी काय शिकवू? मला तर कोणी शिकीवलंच न्हाई."

"मग तुला आली कशी?"

तिनं पाटी खाली ठेवली. "पहिल्या साली माय मला दुकानात तेलाला धाडायची. मी बाटली फुडं करायचे, तर दुकानदार आदी बोल म्हणायचा, मग तेल दीन. लोकं हसायची. मी रडत यायचे. हापशावर बाया नंबर लावू द्यायच्या न्हाईत. तवा मी आदी शिव्या शिकले, मग बाकीचं." मग पाटी पुन्हा उचलत ती म्हणाली, "ह्येला शिकणं म्हणत असतेल तर म्हण बाबा."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. तरी मोटारसायकलवरून परत येताना मनात आलं ते एवढंच, की त्या दुकानातून रडत ती ज्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, परत यायची, तिथं आबा होते.

गेल्या वर्षी जमखंडीकडच्या एका शेतकऱ्याच्या नातीचं लग्न निघालं. त्याच्या फडात आमच्या माणसांनी कितीतरी हंगाम काढले होते. त्यानं आबांना फोन करून करून बोलावलं. आबा, ताई आणि मी असे तिघं गेलो.

तिथं मला मास्तर म्हणून मान मिळाला. एका इंजिनियर जावयाशेजारी खुर्ची दिली आणि तो माझ्याशी इंग्रजीत हवापाण्याचं बोलत राहिला. आबा मात्र मांडवाच्या कडेला जाजमावर बसले होते. भोवती घरातल्या म्हाताऱ्या, शेतकरी आणि ताई. आबा हातवारे करून सांगत होते आणि सगळे ऐकत होते. मी जावयाचं बोलणं अर्ध्यात सोडून तिकडं कान लावला. "मग" हा शब्द कळला. कानडीत मग म्हणजे मुलगा. म्हणजे आबा माझ्याबद्दल बोलत होते! पुढं "सोल्लापूर" आलं आणि मग "ना अत्ते". अत्ते म्हणजे आत्या, हे मी पाठ केलं होतं. एका म्हातारीनं माझ्याकडं बघून डोळ्याला पदर लावला.

मी ताईला बाजूला घेतलं. "आबा आत्याचं काय सांगत होते?"

"कोण आत्या?"

"अत्ते म्हणाले ना."

ताई म्हणाली, "आत्या न्हाई रे येड्या. ना अत्ते म्हंजी मी रडलो. तुला पहिल्यांदा ठिवून निघालो तवा सोल्लापूर येईस्तोवर रडलो, आसं सांगतेत. लई खेपा सांगितलंय त्यांनी हितं. ह्या म्हाताऱ्यांना पाठ हाय."

आनंद व्हायला हवा होता. पण आधी आला तो जाळ. या परक्या माणसांना माझी गोष्ट पाठ होती, आणि ती मला कुणी सांगितली नव्हती.

परतीच्या गाडीत आबांना डुलकी लागली तेव्हा मी ताईला म्हणालो, "तुला सगळं मिळालं. आबा तुझ्या वाट्याला आले."

ती एकदम उसळली. "मग यायचं व्हतंस कोयता घिऊन. मी बसले आसते आत्याकडं पाटी-पेन्सिल घिऊन. बोललास का तवा?" विजापूरला गाडी थांबली तेव्हा तिनं दोनच चहा आणले, तिचा आणि आबांचा. तिचं खरं होतं आणि माझं जळणं काही कमी झालं नव्हतं.

पण पुढच्या रविवारी तिचा फोन आला, माझ्या नंबरवर. तिनं सरळ कानडीत सुरुवात केली. मी मराठीत उत्तर दिलं की ती फोन ठेवायची आणि परत लावायची. असं कितीतरी वेळा झालं. शेवटी मी मोडकंतोडकं बोललो तेव्हा ती पुढं सरकली. पुढच्या फोनांतही पुस्तकातलं शुद्ध बोललो की ती म्हणायची, "सायब नको, मानूस बोल." कपाटाच्या दारावरचे तक्ते मी अजून काढलेले नाहीत, पण बघतही नाही.

परवा संध्याकाळी जेवताना मी आबांना अजून भाकरी हवी का म्हणून विचारलं, ताईनं शिकवलं होतं तसं. शब्द कुठंतरी घसरला. आबा "हंग अल्ल" म्हणाले. म्हणजे तसं नव्हे. आणि त्यांनी ते स्वतः सावकाश म्हणून दाखवलं. मी पुन्हा म्हणालो. त्यांनी पुन्हा मान हलवली. जमेपर्यंत त्यांनी घास हातात धरून ठेवला होता, आणि जमल्यावर कानडीतच काहीतरी बोलले, ते मला पूर्ण कळलं नाही.

ताईला ते असं कधी दुरुस्त करत नाहीत. तिला गरजच नाही. तेवढं मला अजून टोचतं.