थरावर थर हिरवा रंग

काल कुकरची नवी रिंग पाकिटातून काढली आणि त्या कोऱ्या रबराच्या वासाने मला थेट सोनगीरला, हायवेवरच्या वडिलांच्या गॅरेजात नेलं. बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा देऊन मी घरी आले होते. लिलावातला लष्करी ट्रक टँकर होऊन आला होता, आणि त्याच्या हवेच्या ब्रेकमधले फाटलेले रबरी पडदे, म्हणजे डायफ्राम, वडिलांनी बदलले होते. पण साबणाचं पाणी लावलं की ब्रेकच्या डब्याच्या कडेला बुडबुडे यायचेच. हवा गळत होती. भरला टँकर घाटात न्यायचा होता आणि वडील पुन्हा पुन्हा बोल्ट आवळत होते. "नाना, ब्रेक करी ऱ्हायनात का गाडी धोई ऱ्हायनात?" टँकरचा ड्रायव्हर हसला. वडिलांचा चेहरा उतरला. मी डब्याच्या रंगाने जाड झालेल्या कडेकडे बोट दाखवून भीतभीत म्हटलं, "नाना, काठले रंगना थर शेतस, रबर बसी कसं?" तीस वर्षांचा त्यांचा हात, आणि मी गिऱ्हाइकासमोर चूक काढलेली! डबा उघडून त्यांनी माझ्याच हातात पॉलिश पेपर दिला. लष्कराने थरावर थर चढवलेला तो हिरवा रंग मी लोखंड चमकेपर्यंत घासला. वडिलांनी डबा बसवून पुन्हा साबण लावला. एकही बुडबुडा नाही. "शेवट तुमनाच हात, नाना," ड्रायव्हर म्हणाला. वडील एवढंच बोलले, "मना नही, मनी पोरना." महिन्याने निकाल लागला, आमच्या घरातली पहिली पदवी. ती चौकटीत घालून भिंतीवर लावली आहे. पण शिकून काय केलंस असं कोणी विचारलं, की मी ही गोष्ट सांगते.