ओल मोजणारा मुंजाजी

ताडकळसच्या एका आडतीवर सोयाबीनची ओल मोजायचं काम मुंजाजीकडे आहे, आणि ते तो पूजेला बसल्यासारखं करतो. यंत्राच्या कपात दाणे टाकले की आकडा थोडा वरखाली नाचतो, मग एका जागी बसतो. तो बसेपर्यंत कुणी खोकलं तरी मुंजाजी डोळे वटारतो. बाराच्या आत आकडा आला तर माल ठेवा, नाहीतर पोतं उचला आणि वाळवून आणा. त्यात काका-मामा चालत नाही.

यंत्र विकणाऱ्यानं बजावलं होतं, रोज सकाळी रिकाम्या कपाचं माप घ्या, शून्य यायला पाहिजे. मुंजाजीला ते पटलं नाही. "इमानदारावर कुणी रोज सकाळी उठून संशय घेतं का?" आणि चार वर्षं यंत्रानं त्याला कधी तोंडघशी पाडलंही नाही.

यंदा मात्र दसरा झाला आणि येईल ते सोयाबीन ओलं निघायला लागलं. मुंजाजीनं सगळा दोष परतीच्या पावसावर ढकलला. लोक कुरकुरत पोती परत न्यायचे. अशात एके दिवशी टेम्पोतून उतरले त्याचे व्याही, बन्सीधरराव. मुंजाजीची एकुलती एक लेक शिवकन्या उन्हाळ्यात त्यांच्याच घरी दिलेली. आकडा आला चौदा. मुंजाजीनं व्याह्याला चहा पाजला आणि माल परत केला.

बन्सीधररावांनी आठवडाभर गच्चीवर सोयाबीन वाळवलं. दाणे तडकायला लागले तेव्हा पुन्हा आणलं. पुन्हा तेरा! चारचौघांत व्याह्याचं तोंड लाल झालं.

"आमचा माल वल्ला, म्हंजे आमचं घर बी वल्लंच असंल," ते म्हणाले. "सोयाबीन वाळलं की पोरीला दिवाळीला धाडतो. तवर बघा वाट."

लेकीची पहिली दिवाळी! रोजच्यासारखं यंत्र घेऊन घरी आल्यावर त्यानं बायकोला, दैवशालाला, सगळं सांगितलं. ती करंज्या करत बसली होती.

"मशीनच चुकलं असंल," ती म्हणाली.

"चुकंल कसं? तेच दाणे धा बार टाकले, धा बार तेराच आलं."

"लबाड माणूस बी एकच गोष्ट धा बार तश्शीच सांगतो. आना इकडं ते."

तिनं कपात काहीच न टाकता बटण दाबलं. आकडा नाचला आणि चारवर बसला. रिकाम्या कपात चार टक्के ओल! दैवशालानं कप उजेडात धरला. तळाशी हळदी-कुंकवाचा थर घट्ट वाळून बसला होता. दसऱ्याला विळ्या-कोयत्याला ती कुंकवाचं बोट टेकवते, यंत्राची पूजा मात्र मुंजाजी स्वतः करतो. वरवरची भक्ती त्याला जमत नाही, म्हणून त्यानं कुंकू थेट यंत्राच्या पोटातच लावलं होतं.

"अरं देवा!" मुंजाजीनं कप हातात घेऊन बघितला. "लोकायचं वाळलेलं सोयाबीन मी माझ्या भक्तीनं वल्लं करायलोय की!"

कप पुसला, शून्य आलं, तसा तो यंत्र काखोटीला मारून तडक व्याह्याच्या दारात हजर. "ज्यायची ज्यायची पोती परत धाडली त्या समद्यांच्या पाया पडायचंय," तो म्हणाला, "पन पयले तुमच्या." मग कुंकवाची गोष्ट सांगून त्यांच्याच गच्चीवरचे दाणे मोजून दाखवले. नऊ. बन्सीधरराव आकडा बघून मिशीतल्या मिशीत हसले.

"लय वाळलं म्हना की. आता पानी शिंपडू का, पाव्हणं?" आणि आत वळून म्हणाले, "पोरीची पिशवी भरा रे!"

शिवकन्या दारामागून सगळं ऐकत होती. ती पुढं आली.

"बाबा, यंदा पुसलं न्हाई का कुनी?"

"म्हंजे?"

"दरसाल दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कपातलं कुंकू मीच पुसायचे की. तुमाला वाईट वाटंल म्हनून बोलले न्हाई."

मुंजाजीनं हसायला तोंड उघडलं आणि त्याला रडूच आलं. यंत्राची जी इमानदारी तो चार वर्षं साऱ्या गावाला ऐकवत होता, ती उन्हाळ्यातच सासरी गेली होती.