चुन्याचे आकडे

घरापासून इतक्या लांबची देवी आपल्याला ओळखील का, ही शंका घेऊनच मी मावळात उतरलो. आमच्या गोव्यात तेव्हा पोर्तुगिजांचं राज्य. हद्द ओलांडताना कॅसलरॉकच्या नाक्यावर बोचकं सोडून दाखवावं लागलं. मी तिसरीतून शाळा सोडलेला, चिऱ्यांच्या खाणीत राबणारा माणूस. आई मोठ्या तापातून उठली, तर देवाचं काही काम करीन असं बोलून बसलो होतो. आई उठली, आणि त्याच सुमारास गावी कीर्तनाला आलेले बुवा म्हणाले, "मावळात वाघजाईचं जुनं देऊळ खचलंय. बिनपगारी हात हवेत." निघालो.

टाकव्याच्या पुढं डोंगराच्या कुशीत ते गाव. पाण्याच्या झिरपणीनं गाभाऱ्याची जमीन खचली होती. सगळे दगड उचलून, खाली भराव घालून, ते पुन्हा जागच्या जागी बसवायचे होते. तोवर देवी पाटलांच्या घरी तांदळाच्या राशीवर बसली होती. चैत्री पुनवेला तिला परत न्यायचं ठरलं होतं. मिस्त्री दगडूआबा हातानं मोठे कसबी, पण त्यांना अक्षर येत नव्हतं. म्हणून दगडांवर आकडे घालायचं काम माझ्याकडं आलं. उभ्या जन्मात माझ्या शिक्षणाला मिळालेला तो पहिलाच मान.

आमच्याकडं तांबड्या चिऱ्यावर कोळशानं लिहिलं की ते दगडात मुरतं. इथल्या काळ्या दगडावर कोळसा दिसेना, म्हणून मी चुना कालवून आकडे लिहिले. आबा म्हणाले होते, "छिन्नीनं खूण मार, लेका." पण देवीच्या दगडावर घाव घालायला माझा हात धजेना. बेचाळीस दगड आवारात मांडून ठेवले.

पाडव्याच्या सकाळी येऊन बघतो तर दगड आरशासारखे लखलखीत! गावच्या बायकांनी नदीवरून घागरी आणून, काथ्यानं घासून एकूण एक दगड धुतला होता, वर हळदीकुंकूही लावलं होतं. त्यांतली एक कौतुकानं म्हणाली, "बगा भाऊ, पार चुन्याचं डाग पडलं हुतं. देवीचं दगड असं ठेवत्यात व्हय?"

मी वाकून दगडादगडावर एखादा आकडा उरलाय का बघत सुटलो. दगडूआबा मात्र कमरेवर हात ठेवून हसले. "गोयंकर, तुजी समदी शाळा बायांनी धुतली की रं!"

हसणं तेवढ्यावरच राहिलं. पुनवेला पंधरा दिवस होते. दगड दिसायला सारखे, पण पिढ्यान्‌पिढ्या घासून त्यांच्या कडा अशा झालेल्या, की एकाच्या जागी दुसरा बसेना. आम्ही आठ दिवस अदलाबदल करत राहिलो, जमेना. देवी पुनवेला घरी जाणार नाही, आणि ते माझ्यामुळं, हे मनातून जाईना. भाकरीवरची वासना उडाली. नवव्या दिवशी सकाळी पाटलांच्या पडवीत देवीसमोर बसलो आणि म्हणालो, "आई, मला येत होतं तेवढं पुसलं गेलं. आता तू बघ."

त्याच दुपारी एक म्हातारी काठी टेकत आवारात आली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. आबा पुढं होऊन म्हणाले, "हौसामावशी! कुरवंड्यास्न आलीस?" तिनं जन्मभर या देवळाची झाडलोट केली होती. गाभारा उकरलेला बघवेना म्हणून ती कुरवंड्याला लेकीकडं जाऊन राहिली होती. "तितं मन लागंना," एवढंच म्हणाली.

आबांनी अडचण सांगितली. ती खाली बसली आणि दगडांवरून तळवे फिरवू लागली. "ह्यो उंबऱ्याजवळचा, हितं झाडणी अडती. ह्यो समईखालचा, त्याल प्यालाय. ह्यावं बाया नारळ आपटायच्या, किती सांगितलं तरी." आम्ही उचलत गेलो, आबा बसवत गेले. अंधार पडायच्या आत एकेचाळीस दगड आपापल्या जागी गेले.

मी विचारलं, "आजी, एवढं ध्यानात कसं राहिलं?"

"घरातली मानसं कुनी आकडं घालून वळखतं व्हय?" ती म्हणाली.

उरला एक. जुना तडकला म्हणून आबांनी नव्यानं घडवलेला तो दगड. तिनं त्यावर हात फिरवला आणि थांबली. "ह्यो परका हाय," ती म्हणाली. मग दाराशी उरलेली जागा चाचपून, "बसू द्या ह्यांच्यात. झाडून झाडून हुईल आपला."

पुनवेला देवी वाजतगाजत घरी आली. त्या दिवशी म्हातारी तिथं का आली, याचा मी कीस काढला नाही; आजही काढत नाही. हातातलं सुटलं तेव्हा ते धरणारं कुणी होतं, एवढं मला पुरतं. आरतीनंतर पाटलीणबाईंनी देवीखालचे तांदूळ शिजवून सगळ्यांना वाढले. द्रोण घेऊन गाभाऱ्याच्या दाराशी मी पायानं तो नवा दगड शोधला. तळव्याला अजून खरखरीत लागत होता. त्याच्यावर मांडी घालून बसलो आणि पोटभर जेवलो.