पापणीवरची टेप

चाकणच्या कंपनीत नव्या गाड्यांच्या रंगातले दोष शोधायला तो माझ्या शेजारी असायचा. सकाळी नजर घारीची. शिफ्ट संपत आली की मात्र डावी पापणी खाली यायची, आवाज नाकात जायचा. "शटर पडलं, राव. टेप दे." मी रंगकामाची मास्किंग टेप फाडून द्यायचो. पापणी कपाळाला चिकटवून तो पुन्हा गाडीवर वाकायचा. सगळे हसायचे, सगळ्यात मोठ्यानं तोच.

काल दवाखान्यात कळलं, त्याच्या छातीच्या हाडामागं थायमस ग्रंथीची गाठ आहे. तिच्यामुळंच स्नायू लवकर थकून पापणी पडत होती. उद्या छाती उघडणार.

तो छातीवर बोटं फिरवत म्हणाला, "डेंट आतून होता, भावा. आपण वरून टेप लावत बसलो."