अर्ध्या ओळींच्या पोथीची सांगता

दिवाळीच्या सुट्टीत लेक लातूरहून आली ती कॉलेजच्या लायब्ररीतलं एक जाडजूड मराठी पुस्तक घेऊन. कादंबरी म्हणे. मी उघडलं आणि थक्कच झाले. पानावर पाच-सहा ओळी, त्याही अर्ध्यामुर्ध्या, बाकी सगळं कोरं!

"अगं, छापायचं राहून गेलंय का हे?"

"आई, मुक्तछंदातली कादंबरी आहे. आमच्या वयाच्या पोरापोरींसाठी लिहितात अशा."

"एवढ्या कागदात दोन दिवाळी अंक निघाले असते," मी म्हटलं. येरमाळ्याला स्टँडमागं मी ब्लाऊज शिवते. कापड वाया गेलेलं मला बघवत नाही, तसं कागदाचंही.

तरी दुपारी मी मशीनवर बसले की ती मोठ्यानं वाचायची. गोष्ट एका सोळा वर्षांच्या पोरीची. तिच्या थोरल्या बहिणीनं बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलेलं आणि बापानं तिचं ताट, फोटो, नाव, सगळं घरातून काढून टाकलेलं. एवढं ऐकलं नि माझा पाय मशीनवरच थांबला.

"बंद कर," मी दटावलं. "आत तुझी आजी आहे."

कारण आमच्या घरातही तेच. माझ्या नणंदेनं जातीबाहेर लग्न केलं, मी या घरात यायच्या आधी. सासऱ्यांनी तिच्या नावानं अंघोळ केली, माणूस गेल्यावर करतात तशी. पुढं सासरे वारले, पण त्यांचा शब्द आमच्या ह्यांनी चालवला. नणंद तिकडं माकणीला, आई इकडं. जिल्हा एकच, पण नाव काढायची चोरी. सासूबाई आता थकल्या होत्या. लेक एकदा डोळ्यांना दिसावी, एवढ्यातच त्यांचा जीव अडकला होता, हे मला कळायचं. बोलून दाखवायची छाती ना त्यांची होती, ना माझी.

मी दटावेपर्यंत सासूबाई बाहेर आल्याच. डोक्यावर पदर घेऊन भिंतीला टेकून बसल्या आणि चक्क हात जोडले. तुटक-तुटक ओळी ऐकून त्यांना वाटलं, नात पोथी वाचतीय! लेकीला हसू फुटलं.

"आजी, ही पोथी न्हाय गं."

"वाच तू. सुरू केलेली पोथी मधी सोडू न्हाय, घराला बरं नसतंय."

झालं! रोज दुपारी पारायण. दुसऱ्या दिवसापासून उदबत्तीसुद्धा लावायला लागल्या, आता बोला. हे शेतातून यायचे, आईचे जोडलेले हात बघायचे आणि आवाज न करता आत जायचे. त्या पुस्तकातली आई गेलेल्या लेकीचे कपडे चोरून हुंगत होती, आणि आमच्या सासूबाई मान खाली घालून ऐकत होत्या.

शेवटच्या दिवशी हेही घरीच होते. लेकीनं शेवटचं पान उलटलं. थोरली बहीण परत आलीय, बाहेर उभी आहे. पानावर दोनच शब्द, एकाखाली एक: दार, वाजलं.

"फुडं?" सासूबाईंनी विचारलं.

"संपलं, आजी."

"संपलं? आन् दार उघडलं का न्हाय?"

"ते लिहिलेलंच नाही."

मीच खवळले. "काय मेलं लिहिणारं तरी! एवढं रडवलं आणि ऐन वेळेला पळून गेलं!"

सासूबाई शांत होत्या. ह्यांच्याकडं वळून म्हणाल्या, "पोथी संपली. सांगतेला सवाष्ण जेवू घालावी लागती. माझी लेक बोलीव."

माझ्या हातातली कात्री खाली पडली.

"आय, अगं पोथी कुठली? गोष्टीचं पुस्तक हाय ते!"

"मला कळत न्हाय व्हय? देवाचं नाव तरी आलं का त्यात? पर म्या हात जोडून ऐकलीय. आता सांगता मोडायची आसल तर तू मोड."

बाई गं! म्हणजे ह्या बाईला पहिल्या दुपारपासून सगळं कळत होतं. हे "करा काय करायचं ते," म्हणाले आणि अंगणात जाऊन उभे राहिले.

नंबर चुलत जावेनं दिला. देताना काहीतरी बोलायला गेली आणि गप्प बसली. मी फोन लावून स्पीकरवर टाकला.

"वन्सं, मी तुमची वहिनी, येरमाळ्याहून. आत्याबाईंनी तुम्हाला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलंय."

तिकडून आवाज आला, हुबेहूब सासूबाईंचा.

"वहिनी, सवाष्ण दुसरी बघा. आमच्या मालकाला जाऊन ही दुसरी दिवाळी. तुमाला कुणी सांगितलं न्हाय का?"

कुणीच सांगितलं नव्हतं. सगळ्या भावकीला माहीत होतं, पण आमच्या घरात तिचं नाव घ्यायचं नाही, हे सगळ्यांनी इमानानं पाळलं होतं. आणि आम्ही इकडं सण केले, लाडू वळले, फटाके उडवले. ह्यांनी अंगणातून ऐकलं असावं. दारापर्यंत आले आणि चौकट धरून मटकन खाली बसले.

सासूबाईंनी फोन दोन्ही हातांनी ओढून घेतला. मला वाटलं, आता हंबरडा फोडतात.

"मला सवाष्ण न्हाय पायजे," त्या म्हणाल्या. "तू जेवलीस का, तेवढं सांग."