उतारावरचा श्वास

पावसाळा सरताना वेल्ह्याच्या डोंगरउतारांवर भाताला एक ओलसर, दुधाळ वास येतो. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या आश्विनात तो वास मला सोसवत नव्हता. श्रावणातल्या तापात वाडीतल्या चौघांनी तिला घोंगडीच्या झोळीत घालून, आळीपाळीने बांबू खांद्यावर घेत, याच उतारावरून खाली नेलं होतं. दवाखाना गाठण्याआधीच ती गेली. मी वाडीच्या शाळेतला मास्तर. शाळा सुटली की घरात पाय ठरत नसे, म्हणून बांधांवरून नुसता फिरत राही, खोकत, एका बिडीवर दुसरी पेटवीत.

नसरापूरच्या डॉक्टरांनी बिडी सोडायला सांगितली होती. सोडलीत तर पुष्कळ जगाल, म्हणाले. ते आश्वासन मला शिक्षेसारखं वाटलं. प्रकृती जपणाऱ्या माणसांकडे मी तेव्हा जवळजवळ रागाने पाहत असे. शेजारच्या सरूआजी सत्तरीतही झऱ्यावर स्वतः जात, संध्याकाळी अर्धीच भाकरी खात. मिसरी त्यांनी केव्हाच टाकली होती. कारण विचारलं तर म्हणाल्या, कुणाच्या खांद्यावरून खाली जायचं नाही मला. त्या चौघांतल्या धोंडिबाचं उलट. तो दारूला शिवत नसे, पहाटे जोर काढी. कारण बांबू धरण्याजोगी माणसं वाडीत मोजकीच होती. एकीला ओझं व्हायचं नव्हतं, दुसऱ्याला ओझं उचलायचं होतं. माझ्यापाशी दोन्हींतलं काहीच नव्हतं, आणि ते रितेपण मला कुठे टेकू देईना.

एका सकाळी सरूआजी झऱ्यावरच्या शेवाळावरून घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. चौघांपैकी एक जण पुण्याला कामावर गेलेला. धोंडिबानं माझा खांदा आपल्या खांद्याशी ताडून पाहिला. पुढचा आणि मागचा एका उंचीचे नसले, तर झोळीतलं माणूस घसरत जातं.

“उंची जमतीया, गुरुजी,” एवढंच तो म्हणाला.

आजी लाजेनं पदर तोंडावर ओढून पडल्या होत्या. निम्मा उतार संपल्यावर माझी पाळी आली. बांबू खांद्यात रुतला, आणि थोड्याच अंतरात छाती फुटू लागली. घोंगडीतून आवाज आला :

“गुरुजी, ती बिडी सोडा. कानाशी लोहाराचा भाता चाललाय जणू. हाड माजं मोडलंय, आन् धाप तुमाला.”

पुढे धोंडिबा हसला, झोळी हिंदकळली, आजींनी कण्हत त्याला शिवी हासडली.

श्रावणात मी याच वाटेनं मागून चालत होतो. तिची निश्चल पावलं तेवढी घोंगडीबाहेर दिसत होती. आता बांबूखाली मला पायापुरत्या वाटेपलीकडे काहीच दिसत नव्हतं. मी थांबलो असतो, तर आजींचं कण्हणं तेवढं लांबलं असतं. दीर्घायुष्याचा विचार आताही मनात नव्हता. पुढच्या वळणापर्यंत श्वास पुरावा, एवढंच मागत होतो. आणि ते वळण आल्यावर, त्याच्या पुढच्या वळणापर्यंत.