छायाचित्राप्रमाणे

पदनाम: दृश्य-अडथळा निवारक, वर्ग चार. कर्तव्य: कठड्यावरून दिसणारी दरी कार्यालयातल्या छायाचित्राप्रमाणे राखणे. साधने: कोयता, करवत, दोर. वर्तणूक: समाधानकारक.

डोंगराची हजामत करतो म्हणून गावात त्याला सगळे 'वस्तरा' म्हणत. त्याच्याआधी हे काम त्याच्या थोरल्या भावाकडे होतं. एकोणीस वर्षांपूर्वी कार्यालयाने ते छायाचित्र काढलं, तेव्हा दादा खालच्या कपारीत उभा राहून झाडी छाटत होता. छायाचित्रात तो पांढऱ्या ठिपक्याएवढा आला. त्याच आठवड्यात तो कामावरून परतला नाही. शोधणारे थकले. वहिनीने निकाल दिला, "पळाला मेला!" आणि त्या रागाच्या जोरावर कठड्याजवळच्याच तिकीट खिडकीची नोकरी धरली, दोन पोरी वाढवल्या.

दोन महिन्यांनी वस्तऱ्याला दोरावरून दादा दिसला. केव्हाच गेलेला, कपारीत पाठ टेकून बसलेला, तोंड कठड्याकडे. सांगायचंच म्हणून तो वर आला, तर वहिनी पोरींशी काहीतरी बोलत हसत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. त्याची जीभ रेटेना. कपारीपुढचं एक झुडूप तेवढं त्याने वाढू दिलं.

वाऱ्यात सगळी दरी हलायची, ते हलायचं नाही. पानगळीत बाकीची झाडं उघडी पडत, ते आणखी दाट होई.

यंदा नवे साहेब छायाचित्र घेऊन कठड्याशी आले. "इथे कपार दिसायला हवी."

"मुळं खोल आहेत, साहेब. दरड सुटेल."

"म्हातारपणी झाडांवरही माया जडते वाटतं! आजच्या आज काढा."

खिडकीतून वहिनी ओरडली, "छाटा की एकदाचं, भावोजी! कपार कुठंय म्हणून लोक माझं डोकं खातात."

तो उतरला. मनगटाएवढं खोड एकाच घावात, आवाज न करता तुटलं. वरून साहेबांनी छायाचित्र डोळ्यांसमोर धरलं.

"व्वा! ठिपकासुद्धा जुळला."

तो वर पोचला तेव्हा वहिनी कठडा धरून खाली बघत उभी होती.

"कधीपासून माहीत होतं, भावोजी?"

"पहिल्या वर्षापासून."

"रोज सकाळी खिडकी उघडताना शिव्या घालायचे मी त्यांना," ती म्हणाली. "इथून. त्यांच्या तोंडावर."

साहेबांनी शेरा लिहिला: दृश्य पूर्ववत, अडथळा नाही. दादाला वर आणायला चार दिवस लागले, आणि ते चारही दिवस तिकीटविक्री चालू होती.